ट्रक-एंजिनाचे अतितापन व वातानुकूलन

ट्रकचे एंजिन चालू असताना शीतकाचे तापमान सुरक्षित मर्यादेच्या वर जाणे, याला अतितापन म्हणतात. मालवाहतुकीच्या वाहनांच्या चालककक्षात, म्हणजे केबिनमध्ये, वातानुकूलनाची सोय होऊ लागल्यापासून या दोषाचा एक विशिष्ट प्रकार वारंवार आढळतो. वातानुकूलन बंद असताना एंजिनाचे तापमान ठीक राहते. ते सुरू करताच, विशेषतः घाट चढताना, गर्दीत किंवा भर उन्हात, तापमापीचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. अशा वेळी दोष वातानुकूलनाचाच आहे असे सहज वाटते. वस्तुतः सुस्थितीतील वातानुकूलन यंत्रणेचा एंजिनाच्या शीतनयंत्रणेवर पडणारा जादा भार अल्प असतो. तेवढ्याने एंजिन तापत असेल, तर शीतनयंत्रणेची राखीव क्षमता आधीच नाहीशी झालेली असते. ती कोठे नाहीशी झाली हे क्रमाने शोधून काढणे, हेच या दोषाचे निदान होय.

शीतनयंत्रणा : आधुनिक डीझेल एंजिनात इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ४० टक्के उष्णतेचे यांत्रिक कार्यात रूपांतर होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो व सुमारे पाचवा ते चौथा भाग सिलिंडर, सिलिंडर-शीर्ष व वंगण तेल यांच्याकडून शीतकात येतो [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. पाणपंप हा शीतक एंजिनाच्या आवरणातून फिरवून रेडिएटरकडे लोटतो. रेडिएटरच्या पातळ नळ्यांमधून शीतक वाहत असताना नळ्यांना जोडलेल्या पत्र्याच्या पंखिकांवरून हवा जाते व ती उष्णता वाहून नेते. पाण्याला वाहण्यास बारीक मार्ग व हवेला स्पर्शास मोठे क्षेत्रफळ देणारा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीज मोटारगाडीसाठी तयार केला. त्यात सुमारे ८,००० बारीक नळ्या होत्या. आजच्या रेडिएटरचे मूळ तत्त्व तेच आहे.

पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे साधारणतः समप्रमाणातील मिश्रण शीतक म्हणून वापरतात. ग्लायकॉलमुळे गोठणबिंदू खाली जातो, उकळबिंदू वर जातो आणि त्यातील संयोजी पदार्थांमुळे धातू गंजत नाही. रेडिएटरचे किंवा प्रसरण टाकीचे झाकण दाबनियंत्रक झडपेचे कामही करते. वातावरणीय दाबापेक्षा १ बार अधिक दाब राखल्यास शुद्ध पाणी सुमारे १२०° से.ला उकळते, समप्रमाण मिश्रणाचा उकळबिंदू याहूनही वर असतो. एंजिन व रेडिएटर यांच्या दरम्यान थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप असते. शीतक थंड असताना ती बंद राहून शीतक उपमार्गाने पुन्हा एंजिनाकडे वळवते. पुष्कळ एंजिनांत ती सुमारे ८२° से.ला उघडू लागते व १०-१५ अंशांच्या वाढीत पूर्ण उघडते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा असणे म्हणजे यंत्रणेत अजून राखीव क्षमता शिल्लक असणे, हे निदानाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वातानुकूलनाचा भार : वातानुकूलन यंत्रणेतील संपीडक, म्हणजे कंप्रेसर, पट्ट्याच्या साहाय्याने एंजिनावर चालतो. तो प्रशीतकाचे बाष्प दाबून संघनकात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, पाठवतो. तेथे बाष्पाचे द्रवात रूपांतर होऊन उष्णता बाहेर पडते. नंतर हा द्रव प्रसरण झडपेतून केबिनमधील वेटोळ्यात जातो आणि तेथे बाष्परूप होताना केबिनमधील उष्णता शोषून घेतो [⟶ वातानुकूलन]. कारागीर ज्याला ‘गॅस’ म्हणतात तो हा प्रशीतक होय. त्याचा एंजिनातील शीतकाशी कोठेही संपर्क येत नाही.

या यंत्रणेमुळे एंजिनावर तीन प्रकारे परिणाम होतो. पहिला, संपीडक चालविण्यासाठी एंजिनाला अधिक इंधन जाळावे लागते. दुसरा, संघनक बहुधा रेडिएटरच्या पुढे बसविलेला असल्यामुळे रेडिएटरकडे येणारी हवा आधीच तापलेली असते. तिसरा, संघनकाच्या पंखिकांमुळे हवेच्या प्रवाहाला अडथळा होतो. काही ट्रकमध्ये संघनक केबिनच्या टपावर किंवा चासीच्या बाजूला स्वतंत्र पंख्यासह बसवितात. तेथे फक्त पहिला परिणाम उरतो. म्हणून तपासणीस आरंभ करण्यापूर्वी संघनक कोठे आहे ते पाहावे.

या परिणामांचे मान एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. घाट चढताना १५० किवॉ. शक्ती देणारे एंजिन शीतकाला सुमारे ८० किवॉ. उष्णता देते असे मानू. वातानुकूलन केबिनमधून ५ किवॉ. उष्णता काढत असेल व संपीडकाला ३ किवॉ. शक्ती लागत असेल, तर संघनकातून ८ किवॉ. उष्णता हवेत जाते. रेडिएटरमधून दर सेकंदास ३ किग्रॅ. हवा जात असेल, तर ती संघनकामुळे सरासरी ३° से.पेक्षा थोडी कमीच तापते. संपीडकासाठी जाळलेल्या जादा इंधनातून शीतकात येणारी उष्णता २ किवॉ.च्या आतच असते व तिच्यामुळे तापमानात आणखी सुमारे १° ची भर पडते. म्हणजे एकूण परिणाम ४° च्या आसपास असतो. मात्र वाहन उभे असून एंजिन निष्क्रिय गतीने चालत असताना चित्र बदलते. तेव्हा एंजिनाची स्वतःची उष्णता इतकी कमी असते की, संघनकाची उष्णता तिच्या बरोबरीला येऊ शकते; त्यातच हवेचा प्रवाह केवळ पंख्यावर अवलंबून असतो.

राखीव क्षमता व तिचे मापन : रेडिएटरमधून बाहेर जाणारी उष्णता ही शीतक व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असेल आणि भार व हवेचा प्रवाह तेच असतील, तर हा फरक जवळजवळ स्थिर राहतो. बाहेरील हवा १०° ने तापली की शीतकही सुमारे १०° ने तापतो. शीतकाच्या कमाल सुरक्षित तापमानातून हा फरक वजा केला असता जे तापमान येते, त्याला मर्यादी परिसर-तापमान म्हणता येईल. बाहेरील हवा त्यापेक्षा अधिक तापलेली असल्यास एंजिन तापणारच.

वरील उदाहरणातील ट्रक सुस्थितीत असताना पूर्ण भारावर हा फरक ५०° व शीतकाची सुरक्षित मर्यादा १०५° से. आहे असे समजू. वातानुकूलनाशिवाय मर्यादी परिसर-तापमान ५५° व वातानुकूलनासह ५१° से. येते. महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूला ते पुरेसे आहे. आता पंखिकांत धूळ साचून व पंखा मंदावून हा फरक ६०° झाला, तर मर्यादा ४५° वर येते; हवेचा प्रवाह घटल्यामुळे वातानुकूलनाचा परिणामही ४° ऐवजी ५° होतो व त्यासह मर्यादा ४०° उरते. हा ट्रक जानेवारीत निर्वेध चालेल. मे महिन्यात विदर्भातील ४२° तापमानात वातानुकूलनाशिवाय तो १०२° वर, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत राहील व वातानुकूलन सुरू करताच १०७° वर जाईल. चालकाला दिसतो तो शेवटच्या ५° चा परिणाम. आधी गमावलेले १०° त्याला दिसत नाहीत. वातानुकूलन काढून टाकल्याने किंवा बंद ठेवल्याने दोष नाहीसा होत नाही, तो केवळ झाकला जातो.

निदानाची पूर्वतयारी : अतितापन खरोखर होत आहे काय, हे प्रथम पडताळून पाहतात. एंजिन व शीतक यांचे वस्तुमान मोठे असल्यामुळे त्यांचे तापमान हळूहळू, काही मिनिटांत वाढते. वातानुकूलनाची कळ दाबताच त्याच क्षणी काटा उडी घेत असेल, तर ती उष्णतेची नव्हे, विजेची करामत समजावी. वातानुकूलनाचा हवा फेकणारा झोतपंखा व संपीडकाचा विद्युत्-चुंबकीय क्लच यांना बराच विद्युत् प्रवाह लागतो; भूसंपर्काची जोडणी गंजलेली असल्यास तिच्यातील व्होल्टतापातामुळे तापमापी चूक दाखवितो. थर्मोस्टॅटच्या घराजवळील तापमान अवरक्त तापमापकाने मोजून ते काट्याशी ताडून पाहिले की शंका फिटते. चकाकणाऱ्या धातूवर हे उपकरण कमी तापमान दाखविते. म्हणून मोजण्याची जागा काळी किंवा रंगविलेली असावी.

त्यानंतर एकाच रस्त्यावर, त्याच मालासह व शक्यतो त्याच वेळी वातानुकूलन बंद ठेवून आणि सुरू ठेवून ट्रक चालवितात. दोन्ही वेळचे शीतकाचे व बाहेरील हवेचे तापमान नोंदवितात. या फरकांवरून गमावलेली क्षमता किती व वातानुकूलनाचा वाटा किती हे कळते. वातानुकूलनाचा वाटा ४-५ अंशांचा असल्यास दोष एंजिनाच्या शीतनयंत्रणेत शोधावा. तो १०° किंवा अधिक असल्यास हवेचा मार्ग अथवा स्वतः वातानुकूलन यंत्रणा यांच्याकडे वळावे.

अतितापन केव्हा होते, हा यानंतरचा महत्त्वाचा प्रश्न होय. उभ्या किंवा संथ वाहनात काटा चढतो व वेग घेतल्यावर उतरतो, असे असल्यास पंखा व त्याची जोडणी यांच्यावर संशय घ्यावा. कारण वेगात वाऱ्यानेच पंख्याचे काम भागते. याउलट मोकळ्या रस्त्यावर वेगात व भाराखाली तापमान चढून निष्क्रिय गतीत उतरत असेल, तर शीतकाचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटर आतून अथवा बाहेरून चोंदला आहे. केवळ चढावावर तापणाऱ्या ट्रकमध्ये दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, कारण घाटात भार पूर्ण आणि वाहनाचा वेग अल्प असतो. कोणत्याही वेगात व अनियमितपणे तापमान चढत असल्यास शीतकाची गळती, झाकणाचा दोष किंवा सिलिंडरमधील वायू शीतकात शिरणे ही कारणे संभवतात.

हवेचा मार्ग : ट्रकच्या पुढील भागात संघनक, सिलिंडरकडे जाणारी दाबलेली हवा थंड करणारा शीतक-संच, म्हणजे इंटरकूलर, व रेडिएटर हे एकामागे एक बसविलेले असतात. समोरून पाहिल्यास संघनक स्वच्छ दिसतो, पण त्याच्या व मागील संचांच्या फटीत धूळ, भुसा, कापूस, कीटक व तेलकट मळ यांचा थर साचलेला असतो. त्यामुळे संच एकमेकांपासून सोडवून फटीत प्रकाश टाकून पाहावे. स्वच्छता एंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट, कमी दाबाच्या पाण्याने करावी. जोराच्या तिरप्या झोताने पंखिका वाकतात व हवेचा मार्ग कायमचा बंद होतो.

पंख्याभोवतीचे आवरण तुटलेले किंवा कडेच्या रबरी पट्ट्या गळालेल्या असल्यास पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची हवा ओढतो आणि एंजिनाजवळची तापलेली हवाच पुन्हा पुढे येऊन फिरत राहते. भारतात पुष्कळ ट्रकची केबिन स्थानिक कारखान्यात बांधली जाते. पुढील जाळीवर शोभेच्या फळ्या, जादा दिवे वा नावाच्या पाट्या लावल्याने हवेचे प्रवेशद्वार अरुंद होते, हेही तपासावे.

बऱ्याच ट्रकमध्ये पंखा श्यान क्लचवर बसविलेला असतो. या क्लचमध्ये सिलिकोन तेल असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लचच्या दर्शनी भागावरील द्विधातूची गुंडाळी झडप उघडते, तेल चकत्यांमधील फटीत शिरते आणि पंखा एंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. तेल गळून गेल्यास क्लचवर चिकट धुळीचे अरीय पट्टे दिसतात. एंजिन तापवून पूर्ण बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहतात. त्याला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो मोकळेपणाने अनेक फेरे फिरत राहिल्यास क्लच निकामी समजावा. चालू एंजिनात ही परीक्षा कदापि करू नये. ज्या ट्रकमध्ये पंखा हवेच्या दाबाने किंवा विद्युत् संकेताने जोडला जातो, त्यात प्रशीतकाचा दाब वाढल्यावर पंखा सुरू करण्याचा संकेत देणारी कळ असते. तिची तार तुटलेली असल्यास एंजिन वातानुकूलनाशिवाय ठीक चालते व वातानुकूलनासह तापते. या लक्षणसमूहाला नेमके जुळणारे असे हे एक कारण आहे. संघनकाच्या विद्युत् पंख्याच्या तारा दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्यास तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हवा फेकतो. कागदाचा कपटा जाळीजवळ धरला असता हे कळते.

शीतकाचा मार्ग : थंड एंजिनात शीतकाची पातळी, रंग व ग्लायकॉलचे प्रमाण प्रथम पाहतात. ग्लायकॉलची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे त्याचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक झाल्यास उष्णतावहन घटते. ‘अधिक घातले तर अधिक थंड’ ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या टोकाला, नुसते विहिरीचे किंवा कूपनलिकेचे कठीण पाणी वापरल्यास सिलिंडरच्या आवरणात व रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. या थराची उष्णतासंवाहकता बिडाच्या काही दशांश नव्हे, तर काही शतांशच असते. त्यामुळे एक मिमी. थरही सिलिंडरची भिंत धोकादायक रीत्या तापविण्यास पुरेसा होतो.

झाकणाची झडप हातपंपाने दाब देऊन तपासतात. ती दाब राखत नसेल, तर शीतक लवकर उकळतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मी. उंचीमागे पाण्याचा उकळबिंदू सुमारे १° ने उतरत असल्यामुळे घाटमाथ्यावर हा दोष अधिक जाणवतो. रेडिएटरच्या तळाकडून पंपाकडे जाणारी रबरी नळी जुनी होऊन मऊ पडली, तर एंजिनाची गती वाढताच ओढीमुळे आत चेपते. निष्क्रिय गतीत मात्र ती धडधाकट दिसते. पंपाच्या चक्राची पाती गंजून झिजलेली असणे किंवा पट्टा घसरणे, हीही कारणे होत. ज्या रचनेत पाणपंप व संपीडक एकाच पट्ट्यावर चालतात, तीत संपीडकाचा भार येताच सैल पट्टा घसरू लागतो आणि वातानुकूलन सुरू झाल्यावरच पंप मंदावतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा अनेक कार्यशाळांतील रूढ उपाय होय. पुष्कळ एंजिनांत थर्मोस्टॅट तापल्यावर रेडिएटरचा मार्ग उघडतो व त्याच वेळी उपमार्ग बंद करतो. तो काढल्यास उपमार्ग कायम उघडा राहून तापलेल्या शीतकाचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच एंजिनाकडे परततो. त्यामुळे थंडीत एंजिन थंड राहते व भाराखाली तापते. थर्मोस्टॅट गरम पाण्यात तापमापकासह बुडवून तो कोणत्या तापमानाला व किती उघडतो हे पाहणे सोपे आहे.

रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या शीतकाच्या तापमानांतील फरक निदानास फार उपयोगी पडतो. पूर्ण भारावर तो साधारणतः ५° ते १०° असतो. एंजिन तापलेले असून हा फरक पुष्कळ अधिक असेल, तर शीतक फार हळू वाहत आहे. पंप, नळी, थर्मोस्टॅट किंवा चोंदलेल्या नळ्या यांच्याकडे लक्ष द्यावे. फरक अल्प असूनही एंजिन तापत असेल, तर शीतक भरपूर वाहतो, पण उष्णता हवेत जात नाही. दोष हवेच्या मार्गात आहे. रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान मोजल्यास चोंदलेल्या नळ्यांचे पट्टे आजूबाजूपेक्षा थंड आढळतात.

एंजिनातील कारणे : सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केट फाटल्यास ज्वलनवायू शीतकात शिरतात, दाब वाढवितात आणि शीतक बाहेर लोटतात. प्रसरण टाकीत सतत बुडबुडे येणे हे त्याचे लक्षण होय. टाकीवरील हवा निळ्या दर्शक द्रवातून ओढली असता त्यातील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे द्रवाचा रंग पालटतो. ट्रकमध्ये मात्र बुडबुड्यांचे आणखी एक कारण असू शकते. ब्रेकसाठी हवा दाबणारा संपीडक अनेकदा एंजिनाच्या शीतकानेच थंड केलेला असतो; त्याचे गॅस्केट गळल्यास शुद्ध हवा शीतकात येते व दर्शकाचा रंग बदलत नाही. एवढ्या फरकावरून एंजिन विनाकारण उघडण्याचा मोठा खर्च टळतो. इंधन उशिरा अंतःक्षेपित होणे, ब्रेक चाकाला घासत राहणे, क्लच घसरणे व क्षमतेहून अधिक माल भरणे यांमुळेही उष्णता वाढते.

वातानुकूलन यंत्रणेतील कारणे : पुष्कळ वाहनांत वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए या प्रशीतकाचा बाष्पदाब ६०° से.ला सुमारे १७ बार व ७०° से.ला सुमारे २१ बार असतो. संघनक मळलेला असल्यास संघननाचे तापमान व त्याबरोबर दाब वाढतो आणि तेवढ्याच शीतनासाठी संपीडकाला अधिक कार्य करावे लागते. प्रशीतक प्रमाणाबाहेर भरणे, अथवा भरण्यापूर्वी यंत्रणेतील हवा निर्वात पंपाने पुरेशी न काढणे यांचाही परिणाम तोच होतो. उच्च दाबाच्या बाजूचा दाब बाहेरील तापमानाच्या मानाने फार अधिक आढळल्यास संघनकावर पाणी शिंपडून पाहतात. दाब झपाट्याने उतरून पुन्हा चढला, तर हवेचा प्रवाह अपुरा असल्याचा संशय बळावतो. संपीडकाचे धारवे जड झाले असल्यास क्लच जोडताच एंजिनाची गती खाली येते व पट्टा किंचाळतो. मुळात वातानुकूलन नसलेल्या ट्रकमध्ये नंतर संच बसविताना रेडिएटर व पंखा मूळचेच ठेवलेले असतात. अशा ट्रकमध्ये एकही भाग बिघडलेला नसताना अतितापन होऊ शकते व मोठा रेडिएटर, अधिक पंख्यांचा पंखा किंवा टपावरील संघनक हाच उपाय उरतो.

तातडीचे उपाय व धोके : काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, खालचा गिअर घालून भार कमी करावा आणि केबिनमधील उष्णक पूर्ण उघडावा, उष्णक हा एक लहान रेडिएटरच असतो. नंतर सुरक्षित जागी थांबून शीतक गळत नसल्यास एंजिन काही वेळ भाराविना चालू ठेवावे. शीतक वाहून गेला असल्यास किंवा तेलाचा दाब घसरल्यास एंजिन तत्काळ बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. दाब नाहीसा होताच ११०°-११५° तापमानाच्या द्रवाचा काही भाग एकदम वाफ होऊन उसळतो व चेहरा, डोळे आणि हात गंभीररीत्या भाजतात. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास सिलिंडर-शीर्षाला तडा जाऊ शकतो. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी आहे. काढलेला शीतक उघड्यावर ओतू नये आणि मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावा.

अतितापन दुर्लक्षित राहिल्यास वंगण तेलाचा पापुद्रा पातळ होतो, सिलिंडर-शीर्ष वाकते, गॅस्केट जळते व अखेरीस दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो. हल्लीच्या एंजिनांतील इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठराविक तापमानावर प्रथम संपीडक बंद करतो व नंतर एंजिनाची शक्ती घटवितो. त्यामुळे घाटात वातानुकूलन आपोआप बंद पडते, ही तक्रार पुष्कळदा वातानुकूलनाची नसून शीतनयंत्रणेची पूर्वसूचना असते.

भारतातील स्थिती : भारतात दीर्घकाळ बहुसंख्य ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन नव्हते. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या डिसेंबर २०२३ मधील अधिसूचनेनुसार, २०२५ मधील ठराविक तारखेपासून निर्माण होणाऱ्या एन-२ व एन-३ वर्गांतील मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असणे बंधनकारक झाले. ३.५ टनांहून अधिक व १२ टनांपर्यंत एकूण वजनाची वाहने एन-२ वर्गात आणि त्याहून जड वाहने एन-३ वर्गात येतात. चासीवरील एंजिनाची उष्णता व उन्हाची झळ एकदम सोसणाऱ्या चालकाचा थकवा कमी व्हावा आणि अपघात टळावेत, हा या तरतुदीमागील हेतू आहे. नव्या ट्रकचा रेडिएटर व पंखा वातानुकूलनाचा भार धरूनच आखलेला असतो. पण धूळ, कठीण पाणी, सैल पट्टे आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट हळूहळू ती क्षमता खाऊन टाकतात. अशा वेळी बोर घाट, कसारा घाट किंवा खंबाटकी घाट चढताना वातानुकूलन बंद करून चालकच तो भार अंगावर घेतो. उन्हाळ्यापूर्वी संघनक व रेडिएटर यांमधील फट साफ करणे, झाकण, पट्टा व पंख्याचा क्लच तपासणे, निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत शीतक बदलणे आणि पूर्ण भारावरील शीतक व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरक नोंदवून ठेवणे, ही कामे थोड्या खर्चात होतात. हा फरक वर्षागणिक वाढत असल्याचे दिसले, तर काटा लाल पट्ट्यात जाण्यापूर्वीच दोष शोधता येतो.